टीममध्ये आपले किती?

भारताचा फुटबॉल संघ जाहीर झाला की आमच्याकडे ती यादी वाचायची एक ठरलेली पद्धत आहे. मोबाईलवर वरून खाली बोट फिरवायचं आणि नावं मोजायची. अन्वर अली, एक. सहल अब्दुल समद, दोन. आशिक कुरुनियन, तीन. ऑगस्ट २०२५ पासून तर प्रशिक्षकच खालिद जमील, म्हणजे आणखी एक. मोजणी संपली की कुणी खूश होतो, कुणी उसासा टाकतो. शाळेतली पोरं सरळ विचारतात, "सर, टीम में अपनेवाले कितने हैं?" मोठी माणसं टपरीवर हेच विचारतात, फक्त आवाज थोडा खाली करून.

या प्रश्नामागची भूक मला कळते. ज्या समाजाचं नाव बातम्यांत बहुतेक वेळा नको त्या कारणाने येतं, त्याला एखाद्या चांगल्या यादीत आपलं नाव शोधावंसं वाटणारच. म्हणून मी पोरांना या प्रश्नावरून रागवत नाही. पण गेली तीस वर्षं भारताचे सामने, बहुतेक हरलेले, नेमाने बघणारा माणूस म्हणून माझं मत असं आहे की या मोजणीतून खेळाडूही कळत नाही आणि संघही कळत नाही. आपल्या मोहल्ल्यातल्या पोरांचं तर तिने काडीचंही भलं होत नाही.

मोजायचंच असेल तर तीन गोष्टी मोजाव्यात. खेळाडूला शिकवलं कुणी, तो खेळला कुठे, आणि तो खेळत असताना घरची चूल कशावर पेटली. उस्ताद, मैदान आणि रोजगार. भारताचे जुने आणि नवे खेळाडू मी या तीन मापांनी तोलतो, आणि तसं तोललं की "जुने ते सोनं आणि आताचे सगळे फालतू" हे आपलं लाडकं वाक्य टिकत नाही.

सुरुवात सय्यद अब्दुल रहीम यांच्यापासून करतो. अजय देवगणचा 'मैदान' एप्रिल २०२४ मध्ये आला आणि आमच्या पोरांना रहीमसाहेब माहीत झाले. पण सिनेमा सुरू होतो तेव्हा ते भारताचे प्रशिक्षक झालेलेच असतात. त्याच्या आधीचे रहीमसाहेब मला जास्त जवळचे वाटतात, कारण ते माझ्याच पेशातले होते. उस्मानिया विद्यापीठात शिकलेला हा माणूस हैदराबादच्या शाळांमध्ये मास्तर होता. पुढे त्यांनी शारीरिक शिक्षणाचा डिप्लोमा केला आणि मुलांच्या खेळाचं काम अंगावर घेतलं. हैदराबाद आपल्याला परकं नाही. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचंच होतं, आणि देऊळगाव राजा सोडून जालन्याकडे निघालं की १९४८ पर्यंत थेट निजामाचं राज्य लागायचं. त्याच मुलुखातल्या एका शाळामास्तराने भारताचा आजवरचा सर्वांत चांगला संघ घडवला.

त्यांची एक पद्धत शिक्षक म्हणून मला फार मोलाची वाटते. आपल्याकडच्या खेळाडूंना चेंडू पायात घोळवत ठेवायची सवय होती. रहीमसाहेबांनी अशा स्पर्धा भरवल्या ज्यात ड्रिबलिंगलाच बंदी. खेळाडू एकाच पायाने मारायचे, म्हणून फक्त कमजोर पायाने खेळायच्या स्पर्धा घेतल्या. मुलाला रोज "अक्षर सुधार, अक्षर सुधार" म्हणून ओरडायचं की त्याच्या हातात दुरेघी वही द्यायची, हा फरक ज्या मास्तराला कळतो तोच असं करू शकतो.

त्यांच्या हाताखालचा हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ मुंबईत रोव्हर्स कप खेळायला यायचा आणि १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं तो कप घेऊन गेला. आता माझी तीन मापं लावून बघा. उस्ताद रहीमसाहेब, मैदानं हैदराबादची, आणि चूल पोलिसातल्या नोकरीची. तिन्ही गोष्टी जागेवर होत्या.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारत चौथा आला. त्या स्पर्धेत नेव्हिल डिसूझा या मूळच्या गोव्याच्या, मुंबईत टाटा स्पोर्ट्सकडून खेळणाऱ्या सेंटर फॉरवर्डने यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारताने तो सामना ४-२ असा जिंकला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. एवढा मोठा पराक्रम करणारा हा माणूस महाराष्ट्राच्या मैदानांवर खेळला, आणि आमच्या खेळाच्या तासाला त्याचं नाव कुणी घेत नाही. माझ्या मनातल्या भारताच्या सार्वकालिक संघात गोल मारायची जबाबदारी नेव्हिल डिसूझाकडेच आहे. छेत्रीचे चाहते नाराज झाले तरी चालेल, छेत्रीला मी त्याच्या शेजारी खेळवीन.

मग १९६२, जकार्ता. एशियाडचा अंतिम सामना ४ सप्टेंबरला झाला. यजमानांनी इस्राएल आणि तैवानला बाहेर ठेवल्याबद्दल भारतीय पदाधिकाऱ्याने टीका केली होती, त्यामुळे अख्खं स्टेडियम भारताच्या विरोधात ओरडत होतं. समोर दक्षिण कोरिया, ज्यांनी साखळीत आपल्याला २-० ने हरवलं होतं. आपण २-१ ने जिंकलो. एक गोल पी. के. बॅनर्जींचा आणि दुसरा जर्नेलसिंगचा. जर्नेलसिंग खरं तर बचावपटू. फाळणीत लहानपणी घर सोडून इकडे आलेला पोरगा. याच स्पर्धेत त्याच्या डोक्याला जखम झाली, टाके पडले, बचावात खेळवणं धोक्याचं झालं, तर रहीमसाहेबांनी त्याला पुढे उभं केलं आणि त्याने अंतिम सामन्यात गोल मारला.

त्या संघातली नावं वाचा. गोलमध्ये पीटर थंगराज. बचावात जर्नेलसिंग, अरुण घोष, त्रिलोकसिंग आणि ओ. चंद्रशेखर. चंद्रशेखर केरळचे, मुंबईत कॅल्टेक्समध्ये नोकरीला आणि महाराष्ट्राकडून संतोष ट्रॉफी खेळणारे. मधल्या फळीत गोव्याचे फॉर्च्युनातो फ्रँको. पुढे पी. के., चुनी गोस्वामी, तुलसीदास बलराम आणि यूसुफ खान. या संघात आपले किती, हे मोजायला बसलो तर एका हाताची बोटंही पुरी लागत नाहीत. रहीमसाहेबांनी संघ निवडताना अशी मोजणी केली असती, तर ते सोनं आलं नसतं. त्यांच्या लेखी थंगराज आणि बलरामसुद्धा आपलेच होते, कारण त्यांच्यावर मेहनत त्यांनी घेतली होती. मास्तराचे विद्यार्थी असेच आपले होत असतात, आडनावाने नव्हे. नऊ महिन्यांनी, जून १९६३ मध्ये, कॅन्सरने रहीमसाहेब गेले.

या संघातला माझा सर्वांत लाडका खेळाडू विचाराल तर बलराम. चुनी गोस्वामी देखणे, पी. के. धडाकेबाज, पण बलरामचा खेळ सगळ्यांना जोडणारा. सिकंदराबादच्या गरीब वस्तीतून आलेला हा खेळाडू आजारपणामुळे सत्ताविशीतच थांबला. नाहीतर पुढची पाच वर्षं भारताची गोष्ट वेगळी झाली असती, असं मला वाटतं.

आता जुन्या काळाचा दुसरा चेहराही बघायला हवा. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये आपण युगोस्लाव्हियाकडून १-१० ने हरलो. होय, दहा. आपले बरेच खेळाडू अनवाणी होते आणि तिकडे थंडी मरणाची. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. चारच वर्षांनी मेलबर्नला आपण उपांत्य फेरीत त्याच युगोस्लाव्हियासमोर उभे होतो आणि नेव्हिलने आपल्याला आघाडीही मिळवून दिली होती, जरी शेवटी ४-१ ने हरलो. दहा गोल खाणारा संघ चार वर्षांत इथवर आला तो शिकवणीमुळे. ज्या बुजुर्गांना आजच्या संघाचा पराभव बघून "आमच्या काळी असं नव्हतं" म्हणावंसं वाटतं, त्यांनी हेलसिंकी आठवावं.

आपल्या माणसांच्या क्लबांची गोष्टही इथे यायला हवी, कारण अभिमानाची मोजणी तिथूनच सुरू होते. कलकत्त्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगने १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षं कलकत्ता लीग जिंकली. गोऱ्या पलटणींच्या संघांना मागे टाकून हे झालं आणि देशभरातल्या मुसलमानांनी ते साजरं केलं. रोव्हर्स कप १८९१ पासून मुंबईत चाललेला, पण तो जिंकणारा पहिला भारतीय नागरी संघ १९३७ चा बंगलोर मुस्लिम्स. १९४० मध्ये मोहम्मडनने रोव्हर्स आणि ड्युरंड दोन्ही घेतले. त्यांचाच मोहम्मद सलीम १९३६ मध्ये स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबकडे गेला, बुटांऐवजी पायांना पट्ट्या बांधून त्यांच्या राखीव संघाकडून दोन सामने खेळला, लोकांना वेड लावलं आणि घरच्या ओढीने परत आला.

हे सगळं मला अभिमानाचं वाटतं. पण मोहम्मडन का जिंकली, हे कुणी सांगत नाही. त्यांनी देशभर फिरून चांगले खेळाडू शोधले, पावसाळ्यातल्या चिखलात बूट घालून खेळायचं शहाणपण दाखवलं आणि शिस्तीने सराव केला. नावामुळे कुणी गोल सोडत नाही. पुढे काळ बदलला, क्लबाने दारं सगळ्यांसाठी उघडली. २०२४ मध्ये मोहम्मडन इंडियन सुपर लीगमध्ये आली तेव्हा तिच्या जर्सीत मिझोरामची पोरंही होती. त्या पहिल्या हंगामात क्लब तळाला राहिला. काही जण म्हणाले, आपले खेळाडू राहिले नाहीत म्हणून असं झालं. मी म्हणतो, काळा-पांढरा शर्ट घालून घाम गाळणारा मिझो पोरगा जर मोहम्मडनचा नसेल, तर मग कुणाचा?

सत्तरच्या दशकातली हैदराबादी पिढी हा माझ्या अब्बांच्या गप्पांचा विषय. सय्यद नईमुद्दीन यांच्या नेतृत्वाखाली भारताने १९७० च्या बँकॉक एशियाडमध्ये कांस्यपदक जिंकलं. एशियाडच्या फुटबॉलमधलं ते आपलं शेवटचं पदक. नईमुद्दीन यांना खेळाडू म्हणून अर्जुन आणि प्रशिक्षक म्हणून द्रोणाचार्य असे दोन्ही पुरस्कार मिळाले. त्याच संघात मोहम्मद हबीब होते, कलकत्त्याचे 'बडे मियाँ'. उंची बेताची, पण अंगात आग. १९७७ मध्ये ईडन गार्डन्सवर पेलेचा कॉसमॉस क्लब खेळायला आला तेव्हा मोहन बागानच्या या खेळाडूने गोल मारला आणि सामना २-२ असा सुटला. त्यांच्या मागोमाग शब्बीर अली. १९७४ मध्ये आशियाई युवा स्पर्धेचं संयुक्त विजेतेपद मिळवणाऱ्या भारतीय संघाचा कर्णधार, मुंबईत टाटा स्पोर्ट्सकडून खेळलेला. हबीबसाहेब १५ ऑगस्ट २०२३ ला गेले. बातमी आली आणि गेली. आमच्या ग्रुपवर त्या दिवशी तिरंग्याचे दोनशे फोटो होते, त्यात तिरंग्यासाठी खेळलेल्या या माणसाचा एकही नव्हता.

नव्वदच्या दशकापासून मी स्वतः बघितलेले खेळाडू सुरू होतात. आय. एम. विजयन, त्रिशूरच्या स्टेडियममध्ये सोडा विकणारा पोरगा, माझ्या मते भारताने बघितलेला सर्वांत नैसर्गिक खेळाडू. बायचुंग भुतिया, सिक्कीमचा, १९९९ मध्ये इंग्लंडच्या बरी क्लबकडे गेलेला. विजयनकडे जादू जास्त होती, भुतियाकडे जिद्द जास्त होती, आणि मुलांना शिकवताना मी भुतियाचं उदाहरण देतो. कारण जादू शिकवता येत नाही.

त्यानंतर सुनील छेत्री. जून २००५ मध्ये क्वेट्टाला पाकिस्तानविरुद्ध पदार्पण, पहिल्याच सामन्यात गोल. जून २०२४ मध्ये निवृत्त झाला तेव्हा देशासाठी ९४ गोल. आमच्याकडे काही जण म्हणतात की हे गोल मालदीव-नेपाळवर मारलेले. अहो, नेव्हिल डिसूझानेही समोर जो संघ आला त्यावरच मारले. २००८ च्या चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात ताजिकिस्तानविरुद्धची हॅट्ट्रिक आणि २०१९ च्या एशियन कपमध्ये थायलंडविरुद्धचे दोन गोल मी बघितले आहेत. छेत्रीची खरी थोरवी गोलांत नाही, एकोणीस वर्षं स्वतःचं शरीर जपण्यात आहे. आणि भारतीय फुटबॉलची खरी गरिबी यात आहे की मार्च २०२५ मध्ये चाळीस वर्षांच्या या माणसाला निवृत्तीतून परत बोलवावं लागलं. त्याने येऊन मालदीवविरुद्ध गोलही मारला. त्याचं कौतुक करावं की आपल्या व्यवस्थेवर हसावं, मला कळलं नाही.

आता आजचा संघ. यांना शिव्या देणं फार सोपं झालंय. जानेवारी २०२४ च्या एशियन कपमध्ये तीन सामने, तीन पराभव, एकही गोल नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये गोव्यात सिंगापूरकडून १-२ ने हार आणि पुढच्या एशियन कपचं दार बंद. नोव्हेंबरमध्ये ढाक्याला बांगलादेशकडून ०-१. १९९६ मध्ये जागतिक क्रमवारीत आपण ९४ वे होतो, २०२५ संपताना १४० च्या पलीकडे. आकडे लाजिरवाणे आहेत, मी ते झाकत नाही.

पण खेळाडू एकेक करून बघा. गुरप्रीतसिंग संधू नॉर्वेच्या स्टाबेक क्लबकडून युरोपा लीग खेळला, तिथवर पोचलेला पहिला भारतीय. जुलै २०२३ मध्ये सॅफच्या अंतिम सामन्यात कुवेतविरुद्ध पेनल्टी अडवून त्यानेच कप मिळवून दिला. थंगराजनंतरचा सर्वांत चांगला गोलरक्षक मी त्यालाच म्हणेन, जरी अलीकडे त्याच्या चुका वाढल्या असल्या तरी. संदेश झिंगन अजून अंगावर घाव घेऊन खेळतो, पण त्याच्या पायांवर आता वय दिसतं. मुंबईचा राहुल भेके गाजावाजा न करता काम करणारा खेळाडू. २०१९ ची सुपर लीग बंगळुरूने जिंकली ती जादा वेळेतल्या त्याच्या हेडरवर. मराठी वाचकांना त्याचं नाव तरी माहीत असावं.

अन्वर अलीची गोष्ट तर पाठ्यपुस्तकात घालावी अशी. पंजाबच्या खेड्यातला पोरगा, २०१७ च्या १७ वर्षांखालील वर्ल्ड कपच्या संघात निवडला गेला. २०१९ मध्ये हृदयात दोष निघाला आणि खेळ थांबवावा लागला. विशीही गाठलेली नाही आणि सगळं संपलं असं वाटावं, अशा वेळी तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला, खेळायची मोकळीक मिळवली आणि भारताच्या बचावाचा कणा झाला. पायातून निघणारा लांब पास बघा, असा पास देणारा बचावपटू आपल्याकडे माझ्या आठवणीत दुसरा नाही.

सहल अब्दुल समदबद्दल माझं मत थोडं कडक आहे. एवढी नजाकत आजच्या कुठल्याही भारतीय मिडफिल्डरमध्ये नाही. सॅफच्या त्याच अंतिम सामन्यात छांगटेला त्याने दिलेला चेंडू मी दहा वेळा बघितला असेन. पण तो सामन्यातून मधूनच हरवतो. केवळ नाव सहल आहे म्हणून त्याच्या गायब होण्यावर पांघरूण घालायला मी तयार नाही. त्याच्याकडून जास्त मागणं हीच त्याची इज्जत आहे. आशिक कुरुनियन मलप्पुरमचा, वेगवान, पण दुखापतींनी त्याची उमेदीची वर्षं खाल्ली. मिझोरामचा लालियानझुआला छांगटे मुंबई सिटीकडून खेळतो आणि आजच्या संघात कुणाच्या नावाची जर्सी घ्यायची असं पोरांनी विचारलं तर मी त्याचंच नाव सांगतो.

खालिद जमील कुवेतमध्ये जन्मले आणि मुंबईत महिंद्रा युनायटेड, एअर इंडियाकडून खेळले. लहान बजेटचे संघ घेऊन मोठ्यांना हरवणं ही त्यांची ओळख. २०१७ मध्ये मिझोरामच्या ऐझॉल क्लबला त्यांनी देशाचं विजेतेपद मिळवून दिलं. भारताची धुरा घेतल्यावर पहिल्याच स्पर्धेत ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला तेव्हा आमच्याकडे मिठाई वाटायची बाकी होती. दोन महिन्यांत सिंगापूर आणि ढाका झालं आणि तेच लोक गप्प. आपला माणूस म्हणून डोक्यावर घ्यायचा आणि हरला की त्याच्यासोबत आपलीही लाज गेली असं वाटून घ्यायचं, हे त्याच मोजणीचं दुसरं टोक. प्रशिक्षकाला प्रशिक्षक राहू द्या. माझं मत विचाराल तर त्यांचा संघ फार मागे हटून खेळतो. छोट्या क्लबाला ते शोभतं, पण भारत आणि सिंगापूरच्या सामन्यात पुढाकार भारताने घ्यायला हवा.

मग दोष कुठे? पुन्हा तीच तीन मापं. उस्ताद आजच्या खेळाडूंना मिळतात, अकादमीत, पण फार थोड्यांना. रोजगाराचं म्हणाल तर पूर्वी रेल्वे, पोलीस, टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, महिंद्रा अशा संघांत खेळाडूला पक्की नोकरी असायची. ते संघ एकेक करून बंद झाले. आता सुपर लीगमध्ये मोजक्यांना भरपूर पैसा आणि बाकीच्यांना काही नाही. २०२५ मध्ये ती लीगच वेळेवर सुरू झाली नाही, काही क्लबांनी पगार थांबवले. शिवाय गोल मारायच्या जागेवर बहुतेक क्लब परदेशी खेळाडू उभा करतात. मग छेत्रीची जागा घेणारा तयार होणार कुठे? ज्या विद्यार्थ्याला वर्षभर फळ्यासमोर उभंच केलं नाही, तो बोर्डाच्या परीक्षेत गणित सोडवेल, अशी अपेक्षा ठेवण्यासारखं आहे हे.

आणि मैदान? इथे मी दिल्ली सोडून बुलढाण्यात येतो. आपल्या जिल्ह्यात टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांना तोटा नाही. कुणा नेत्याचा वाढदिवस आला की मैदानावर मंडप, लाऊडस्पीकर आणि हजारोंची बक्षिसं. फुटबॉलचा गोलपोस्ट मात्र शोधावा लागतो. याच महाराष्ट्रात कोल्हापूर आहे, जिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की गल्ल्या ओस पडतात, आणि तिथूनच अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील वर्ल्ड कपपर्यंत पोचला. आपल्याच विदर्भात नागपूर-कामठीला जुन्या क्लबांची परंपरा आहे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल दिला, त्यावर नागराज मंजुळेंनी २०२२ मध्ये 'झुंड' काढला. रहीमसाहेब आणि बारसे सर, दोघांवर मोठे सिनेमे निघाले आणि दोघंही मास्तर. आपण सिनेमा बघून डोळे पुसले, आणि दुसऱ्या दिवशी खेळाचा तास गणिताच्या सरावाला दिला.

मुलींचा विषय निघाला की आमच्याकडे कुजबुज सुरू होते, म्हणून तोही मांडतो. ५ जुलै २०२५ ला भारतीय महिला संघाने थायलंडला त्यांच्याच देशात २-१ ने हरवलं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी खेळून एशियन कप गाठायची आपल्या महिला संघाची ही पहिलीच वेळ. पुरुषांचा संघ जिथे अडला तिथे या पोरी पोचल्या. उर्दू शाळेतल्या मुलीही धावतात, मधल्या सुट्टीत त्यांना बघा. ट्रॅकपँट आणि डोक्यावर स्कार्फ घालून खेळायला फुटबॉलचा नियम आडवा येत नाही. आडवे येतो ते आपण.

मला फार मोठं काही मागायचं नाही. सुब्रतो कप ही शाळांची स्पर्धा १९६० पासून चालू आहे आणि जिल्हा क्रीडा कार्यालयामार्फत तिच्या फेऱ्या होतात. मुलामुलींचे दोन्ही संघ त्यात उतरू शकतात. एक बरा चेंडू हजार रुपयांच्या आत येतो. गोलपोस्टला दोन बांबू पुरतात. आठवड्यातले खेळाचे तास वेळापत्रकात आधीच आहेत, ते फक्त परत द्यायचे आहेत. मोहल्ल्यातल्या ज्या जाणत्या लोकांना कौमच्या नावाने काही करायचं असतं, त्यांनी एक रात्रीची स्पर्धा कमी करून एखाद्या बीपीएड झालेल्या बेकार तरुणाला वर्षभराचं मानधन द्यावं. उस्ताद, मैदान आणि रोजगार, तिन्ही त्यात आले.

एवढं करून लगेच भारताच्या संघात बुलढाण्याचा खेळाडू जाईल असं मी म्हणत नाही. कदाचित वीस वर्षं जाणार नाही. पण पुढच्या वेळी यादी आली की नावं मोजायच्या आधी जिल्ह्याच्या सुब्रतो कपात उर्दू शाळांचे किती संघ उतरले, ते मोजू. त्या मोजणीत कमी पडलो तर ती लाज आपली, आणि ती भरून काढणंही आपल्याच हातात आहे.